भाऊ नावाचे दोन युजर

माझ्याच राऊटरने मला ओळखायला नकार दिला, त्याची ही गोष्ट.

तेहतीस वर्षं मी एका कंपनीत राऊटरच सांभाळले. कोणाला आत घ्यायचं, किती वेळ बसू द्यायचं, कोणाला किती हक्क, हे सगळं मी ठरवायचो. (घरी हे खातं बायकोकडे, सुलभाकडे होतं.) दोन वर्षांपूर्वी सुलभा गेली. लेक मृणाल लग्न होऊन कॅनडात. डिलाईल रोडच्या चाळीतल्या खोलीत मी, टीव्ही आणि राऊटर असे तिघे उरलो, त्यात बोलणारा एकटा टीव्ही. खोटं कशाला बोलू, घर खायला उठायचं.

माणसं यावीत म्हणून मी अख्ख्या मजल्याला वायफाय फुकट दिलं. लोक पासवर्ड घेऊन गेले ते गेलेच! मग मी डोकं चालवलं. प्रत्येकाला वेगळं युजरनेम, वेगळा पासवर्ड आणि दिवसाला फक्त अर्धा तास. वेळ संपली की माणूस वाढवून मागायला येणार, आला की चहा घेणार, चहा घेतला की बसणार! अडलेल्यांसाठी पडद्यावर मजकूरही टाकला: 'प्रवेश नाही. भाऊंना भेटा.'

भाऊ म्हणजे मी. माझं युजरनेमही 'भाऊ', सगळे हक्क, वेळेचं बंधन नाही. शेवटी कोपऱ्यातल्या खोलीतला परब आला.

"नाव काय घालू?"

"भाऊ घाल. माका दुसऱ्या नावान कोण वळाखता?"

तीस वर्षांचा शेजार, पण त्याचं खरं नाव मला ठाऊक नाही आणि माझं त्याला! मी 'भाऊ' घातलं, पासवर्ड त्याने स्वतःच टाकला. मशीनने विचारलं, 'आधीचा भाऊ पुसू?' मी ऐटीत 'हो' दाबलं. (तेहतीस वर्षांचा अनुभव!)

रविवारी संध्याकाळी सातला मृणालचा व्हिडिओ कॉल. आठवड्यातलं माझं तेवढंच बोलणं. टॅब उघडला, तर 'प्रवेश नाही. भाऊंना भेटा.'

अहो, कुठे भेटू?

धावत परबाकडे गेलो. "तुझा पासवर्ड सांग!"

"नाय सांगूचंय. कोणाक सांगू नको, तूच सांगितलंस!"

"अरे, राऊटर माझा आहे!"

"चोर असाच सांगतत, ह्यापण तूच सांगितलंस!"

परबवहिनी आतून ओरडल्या, "मृणाल चेडवाचो फोन येतलो आणि भांडतास कसले? भाऊ, आमच्या फोनार बोला. बसा, चाय टाकतंय."

परबाने सकाळी दशावतार बघून एकोणीस मिनिटं संपवली होती. उरली अकरा. त्यातली नऊ वहिनींनीच घेतली. "बाय, थय कॅनडात मासे गावतत मा?" मग कुठे फोन माझ्या हाती आला.

"बाबा, तुम्ही हसताय?" मृणाल म्हणाली. "किती दिवसांनी!"

तेवढ्यात पडद्यावर आलं, 'प्रवेश नाही. भाऊंना भेटा.'

परब माझ्याकडे वळला. "भेटलंय. आता वाढव!"

"वाढवायचे हक्क असलेला भाऊ मी पुसलाय, रे!"

"मगे उद्या ये," परब म्हणाला, "उद्याचो अर्धो तास आसा."

राऊटरच्या मागे बारीक भोक असतं. त्यात टाचणी खुपसून धरली की सगळं कोरं होतं, मग नव्याने मांडायचं. पाच मिनिटांचं काम. नोकरीत नव्या पोरांना मी हेच शिकवायचो.

या गोष्टीला तीन महिने झाले. रोज संध्याकाळी परबाकडे जातो, चहा घेतो, बसतो. परब विचारतो, "दुरुस्त कधी होतलो?"

मी तज्ज्ञाचा गंभीर चेहरा करून सांगतो, "पार्ट मागवलाय. परदेशातून यायचाय."