चार दुपट्टे आणि एक पाळ

मामांच्या लोखंडी पेटीत चार पक्षांचे चार दुपट्टे होते. प्रत्येकाच्या घडीत माझी चिठ्ठी: कोणता पक्ष, कधीपासून कधीपर्यंत. हे काम मी आपणहून अंगावर घेतलं. एकदा मामा सोडलेल्या पक्षाचा दुपट्टा घालून नव्या पक्षाच्या सभेला निघाले होते. मामींनी दारातच विचारलं, "आज कोनत्या घरचे पाव्हने हो तुम्ही?"

मामांचे आजोबा मूल तालुक्यातल्या आमच्या गावाचे मालगुजार, सारा गोळा करणारे जमीनदार. मालगुजारी केव्हाच गेली, पण लोक मामांना अजून मालगुजारच म्हणतात. आजोबांनी बांधलेला तलावही राहिला. त्याची पाळ, म्हणजे मातीचा बांध, एका कोपऱ्यात फुटली होती, तिथून पाणी वाहून जायचं आणि भातशेतीच्या शेवटच्या बांध्या कोरड्या राहायच्या. त्यांतल्या दोन माझ्या आईच्या. आदल्या वर्षी धानाची रोपं लागलीच नाहीत, तिचा रोवणाच झाला नव्हता.

ज्या पक्षाचं सरकार, तिकडे मामा. त्यांना जिल्हा परिषदेचं तिकीटही हवं होतं, ते मी लपवत नाही. पण नव्या पक्षातल्या पहिल्याच भेटीत ते पाळ बांधून मागणारा अर्ज देत, हेही तितकंच खरं.

चौथ्या पक्षाच्या नेत्यांची मूलला बैठक होती. मी भाची आणि शाळेत कारकून, तेव्हा अर्ज टाइप करणं माझ्याकडे. दुपट्टा, अर्ज, फुटलेल्या पाळीचे फोटो, मामांची बीपीची गोळी, अशी यादी केली आणि निघताना सगळ्यावर टिक केली. अर्ज कॉम्प्युटरवर जुनाच होता. मी तारीख बदलली, वर पक्षाचं नाव बदललं. खालची शेवटची ओळ मात्र तशीच राहिली.

नेत्यांनी नेमकी तीच मोठ्याने वाचली. मामा अखेरच्या श्वासापर्यंत ज्या पक्षात राहणार होते, तो पक्ष तिसरा होता.

"मालगुजार, हे कोनाचं नाव लिवून आनलं?"

एका ओळीने मी आईच्या दोन्ही बांध्या घालवल्या, एवढंच डोक्यात होतं.

मामांनी सावकाश चष्मा लावून कागद पाहिला. "साहेब, मागच्या वेळी हाच अर्ज तुमच्याच हाती देला होता. तवा तुम्हीही त्याच पक्षात होते. तुम्ही इकडे आले, मी इकडे आलो. पाळ बिचारी काई आली नाई, ते तिथीच फुटून हाय."

मागच्या खुर्च्यांवर कोणीतरी फसकन हसलं, मग सगळाच हॉल. शेवटी नेतेही हसले. त्यांनी फोटो मागून घेतले आणि सोबतच्या माणसाला म्हणाले, "हे काम याच उन्हाळ्यात घ्या."

बसमध्ये मामांनी दुपट्ट्याची घडी करून माझ्याकडे दिली. मग म्हणाले, "काम झालं पाह्य. पन तिकीट गेलं."

तसंच झालं. तिकीट दुसऱ्यालाच मिळालं आणि पाळ उन्हाळ्यात बांधून झाली. नव्या मातीवर रोलर नीट फिरतो का, हे पाहायला मी रोज सकाळी जात होते.

मृगाच्या पावसाने तलाव भरला होता; आषाढात पावसाने दडी मारली तेव्हा तलावाचं गेट उघडलं. तिसऱ्या दिवशी पाणी आईच्या बांधीत पोचलं. रोवणा सुरू झाला आणि ऊन असं की बायांची डोकी तापली. मामी घरी जाऊन पेटीतले चारही दुपट्टे घेऊन आल्या आणि त्यांनी ते वाटून टाकले. चार पक्ष डोक्याला बांधून चार बाया एका ओळीत वाकल्या.

मामा पाळीवरून ओरडले, "अवं, चवथा तरी ठेवा! पुढच्या महिन्यात सभा हाय मायी!"

आईने मान वर केली नाही. हातातली रोपं चिखलात रोवत म्हणाली, "धुऊन देतो भाऊ. आधी ही बांधी होऊ दे."

चिठ्ठ्या बांधावर पडल्या होत्या. मी त्या गोळा करून तारखेप्रमाणे लावून ठेवल्या आहेत. लागतील.