पाण्यातली ट्यूब

राळेगावच्या रस्त्यावर पंक्चर काढणारे चाचा ट्यूब पाण्यात बुडवली की बोलायला लागत आणि बुडबुडा दिसला की गप्प होत. "कापूस बुडाल्यापासून मंत्री रोज येऊन राह्यले, एसटी मात्र हप्त्यातून दोनदाच. मंत्र्याच्या गाडीतच सीटा वाढवा ना, आम्ही यवतमाळले तरी जाऊ," असं ते एकदा म्हणाले. मी शाळामास्तर. ते वाक्य जसंच्या तसं माझ्या नावानं पेपरात पाठवलं आणि ते छापून आलं.

पुढच्या वेळी सायकल घेऊन गेलो, तर चाचांनी ते कात्रण पंक्चरच्याच सोल्युशननं दुकानाच्या फळीला चिकटवलेलं.

"लोक म्हणतेत, हे तर तुमचंच बोलणं," ट्यूब बुडवत ते म्हणाले. "मी म्हटलं, गुरुजी कायले माह्यं घेतीन?"

तेवढ्यात बुडबुडा दिसला आणि चाचा गप्प झाले. सुटलो, असं मला वाटलं.