केळीतला पांढऱ्या केसांचा माणूस

काल दुपारी नात मोबाईल घेऊन ओट्यावर माझ्याजवळ बसली. "आबा, लोकांनी पाह्यलेले परग्रहावरचे जीव दाखवते," म्हणाली. एक बुटका, राखाडी, डोळे लिंबाएवढे. एक सरड्याच्या कातडीचा. तिसरा उंच, गोरापान, पांढरे केस पाठीवर सोडलेले. तंबाखू मळता मळता माझा हात थांबला.

असाच माणूस माझ्या बायकोने सांगितला होता. तिला जाऊन आता चार महिने झाले. ही गोष्ट आमच्या लग्नानंतरच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाची. पहूरच्या मळ्यात केळीला पाणी चालू होतं, ओल्या मातीचा वास सुटला होता. मी भुकेने कावलेला, आणि तिने आणलेल्या फडक्यात ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर अर्धीच.

"बाकीची कुठी गेली?"

"केळीत एक जण उभा व्हता. उंच, पांढऱ्या केसायचा. जेवायच्या टायमाले आला, मंग दिली त्याले अर्धी."

जेवणाच्या वेळी शेतात आलेल्याला आमच्याकडे कोणी उपाशी जाऊ देत नाही. पण मी जाऊन पाहिलं, तर चिखलात एकही पाऊल उमटलेलं नव्हतं. म्हटलं, "तूच खाल्ली, अन् आता थापा मारते." गावातही सांगून लोकांना हसवलं. ती पुन्हा कधी त्याबद्दल बोलली नाही.

ती खोटं बोलणारी नव्हती, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. मग पाऊल का नव्हतं?

"हे लोक भाकर खातात का गं?" मी नातीला विचारलं.

ती पोट धरून हसली. बायको तेव्हा गप्प का झाली, ते मला काल कळलं.