पहाटे पाचची प्रार्थना

१२ डिसेंबर. नाताळच्या अनारशांसाठी भिजवलेल्या तांदळाचं पाणी बदलत होते. हात कामात असले की माझं तोंड मोकाट सुटतं.

तेवढ्यात शेजारची सुनंदा अंगणात आली. तिच्या नवऱ्याच्या पोटात गाठ निघाली होती आणि पुढच्या शुक्रवारी सेवाग्रामच्या दवाखान्यात ऑपरेशन ठरलं होतं. ती रडली नाही, नुसती उभी राहिली. मी म्हटलं, "काळजी नको करू. रोज पहाटे पाचले प्रार्थनेत तुह्या माणसाचं नाव घेईन."

(इतर लोक 'या एकदा जेवायला' जितक्या सहज म्हणतात, तितक्याच सहज आम्ही ख्रिस्ती माणसं हे वाक्य म्हणतो. त्यात पाच कुठून आले, देव जाणे. साडेसहाच्या आधी मी नवऱ्यालाही ओळखत नाही.)

"पाचले?" सुनंदा म्हणाली. "मंग मीबी उठतो. तुमी एकट्या काऊन उठान?"

आतून आमचे हे खोकले. इतक्या वर्षांच्या संसारानंतर मला त्यांच्या खोकल्याचाही अर्थ कळतो.

दुसऱ्या दिवशी सुनंदानं विचारलं, "ताई, तुमच्या घरी लाईट नाई दिसला?"

"मी अंधारातच करतो. उजेडात मन लागत नाई," मी ठोकून दिलं.

झालं! ताई अंधारात प्रार्थनेला बसतात, हे दुपारपर्यंत गल्लीभर पसरलं. समोरच्या काकूंनी मुलाची बदली माझ्यावर सोपवली. दूधवाला म्हणाला, "आमची म्हैस आटली, बाई. तिचंबी पाहा जरा." नाही कुणाला म्हणणार? मी न केलेल्या प्रार्थनेत आता एक म्हैसही होती.

रविवारी तर कहर झाला. चर्चमध्ये मुलांना धडा द्यायची पाळी माझी, आणि विषय कोणता? येशू सांगतो, शपथा कशाला, तुमचं साधं बोलणंच खरं असू द्या. मी तो ठणकावून शिकवला. मागच्या बाकावर हे खोकत होते.

घरी येताना म्हणाले, "सांगून टाक तिले. मी फिराले निघतो तेव्हा पाहातो न. ती रोज थंडीत पायरीवर बसून राह्यली."

मला वाटलं होतं, एक दिवस उठून तीही सोडून देईल.

तरी सांगायला गुरुवार उजाडला. सुनंदा दवाखान्याची पिशवी भरत होती. मी उभ्याउभ्याच म्हटलं, "सुनंदा, मी एकही दिवस उठली नाई."

तिनं टॉवेलची घडी घातली. "मले मालूम हाय. तुमची आमची भिंत एकच. पाचले तुमचं घोरणं सपष्ट ऐकू येते."

"मंग बोलली काऊन नाई?"

"काय बोलू? आमी बौद्ध, ताई. देव मानत नाई. तुमच्या देवाचं मले काई मालूम नाई. पण तुमी म्हनलं होतं न. मनात आलं, आज नाई त उद्या उठतीन. अजून उद्याची पहाट हाय."

मी खाली बसले. रोज माझं घोरणं ऐकून या बाईनं माझा शब्द खरा धरला होता. मी तो देवाच्या नावानं दिला आणि विसरले. ती देव न मानता, तो सांभाळत थंडीत बसली. चर्चमध्ये आजवर देवाच्या अनुभवांच्या पुष्कळ साक्षी ऐकल्या, पण अंगावर असा काटा कधी आला नव्हता. मला बोलायला काही सुचेना. (घरी येऊन हे सांगितलं, तर यांनी माझं कपाळ तापलं का ते पाहिलं.)

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला उठले. खरोखर उठले, तिच्या नवऱ्याचं नाव घेतलं.

बाहेरून सुनंदानं विचारलं, "झाली, ताई?"

"झाली. पण मधात डोळा लागला."

"आमच्या माणसाच्या नावाच्या आधी लागला का नंतर?"

"नंतर."

"मंग चालते," म्हणत तिनं पिशवी उचलली.

मीही त्यांच्यासोबत गाडीत बसले. वाटेत ती म्हणाली, "थांबान का दवाखान्यात?"

'कितीही दिवस' अगदी जिभेवर आलं होतं. ते गिळलं आणि म्हणाले, "संध्याकाळपर्यंत. त्याच्यानंतर मी कोणाच्याच कामाची राहात नाई."