पाथर्डीच्या विहिणी

दुसऱ्याचं चांगलं बघायला निघताना पोटभर जेवून निघावं, म्हणजे पोटात दुखायला जागा राहत नाही. मी मात्र अकोले स्टँडवरून नुसत्या चहावर एसटीत चढले. मुळात जायचं मनातच नव्हतं. आमच्या संस्थेच्या बैठकीत अध्यक्ष म्हणाले होते, "माधुरीताई, कामाचा दर्जा म्हणजे काय, ते एकदा पाथर्डीला शैलाताईंकडे जाऊन बघून या." भंडारदऱ्याच्या अंगाच्या वाड्यांवर मी वर्षानुवर्षं बालवाड्या चालवतेय, आणि दर्जा बघायला मी शैलाकडे जायचं! समाजकार्याच्या कॉलेजात आम्ही एका बाकावर बसायचो. परीक्षा आली की ती माझ्याच वह्या नेऊन अभ्यास करायची. आता तिचं नाव निघालं की चार माणसं सावरून बसतात आणि माझं निघालं की कुणीतरी चहा मागवतं.

संगमनेरला गाडी बदलली. गाडीच्या पाटीवर अहिल्यानगर लिहिलेलं होतं, कंडक्टर मात्र "नगर, नगर" असंच ओरडत होता. नगर सोडून पूर्वेला निघालं की आपल्याच जिल्ह्यात आपण परके होतो. आमच्याकडे चैत्रातही कुठेतरी ओल असते, करवंदाच्या जाळ्या हिरव्या असतात. इकडे नांगरून टाकलेली रानं, बाभळी, आणि बांधावर एखादं लिंबाचं झाड नवी पालवी घेऊन उभं. मला ते लिंबाचं झाडसुद्धा शैलाच्या बाजूचं वाटायला लागलं होतं.

करंजी घाटात आमच्या एसटीने वाफ सोडली आणि ती बसली. ड्रायव्हर बॉनेट उघडून आत बघत राहिला, आम्ही सगळे सावली शोधत राहिलो. शेवटी एका काळीपिवळीला (इकडची प्रवाशांची जीप) हात केला आणि मागच्या बाकावर एका बाईच्या गाठोड्याशेजारी स्वतःला कोंबलं. जीपवाल्याने विचारलं, "कुनाकडं जायचं, ताई?"

मी शैलाचं नाव सांगितलं आणि कौतुकाचा पाढा ऐकायची तयारी केली.

"ते हॉस्टेल व्हय?" तो म्हणाला. "लई कडक बाई हाय ती. पोरास्नी पहाटंच उठवती. आन् तिथल्या कालवनाला तिखट म्हनून नसतं."

"माझ्या नातवाला दवाखान्यात न्हेलं, आन् घरी कळिवलं दुसऱ्या दिशी," गाठोडंवाली बाई म्हणाली. "ही काय रीत झाली?"

मला काय सांगू किती बरं वाटलं! घाटातलं ऊन एकदम कमी झाल्यासारखं झालं. म्हटलं, दुरून डोंगर साजरे. मी दोघांना आणखी प्रश्न विचारले, त्यांनी आणखी उणीदुणी सांगितली. बाईने मला गाठोड्यातल्या भुईमुगाच्या शेंगाही दिल्या. शैलाच्या गावाला उतरेपर्यंत मी चांगलीच खूश होते.

या भागातली कितीतरी कुटुंबं दिवाळी झाली की ऊस तोडायला जातात, ती थेट गुढीपाडव्याच्या सुमाराला परततात. तोवर नवरा-बायको कारखान्याच्या परिसरात कोपीत (पाचटाच्या झोपडीत) राहतात. मुलं बरोबर गेली की त्यांची शाळा सुटते, म्हणून शैलाने गावातच त्यांच्यासाठी वसतिगृह काढलं. पत्र्याचा लांब हॉल, पुढे अंगण, कडेला स्वयंपाकघर. मी पोचले तेव्हा ती आत भाकरीचं पीठ चाळत होती. पिठाच्या हातांनीच तिने मला मिठी मारली. माझ्या निळ्या ओढणीवर पांढरे पंजे उमटले आणि मला रागवायला एक कारण मिळालं.

ती चहा करीपर्यंत मी एकटीच हिंडून आले. खोटं कशाला बोलू, खिडकीच्या चौकटीवरून बोटही फिरवलं. धूळ नव्हती. पाण्याच्या टाकीवर झाकण होतं. स्वच्छतागृहाच्या दाराला आतून कडी होती आणि ती लागत होती. ज्यांनी संस्था पाहिल्या आहेत त्यांना या एका कडीचा अर्थ कळेल. साबणसुद्धा होता, तोही वापरून झिजलेला. पाहुणे येणार म्हणून ठेवलेला साबण मी लांबून ओळखते, हा तसा नव्हता. पोटातलं दुखणं परत सुरू झालं.

"मधू, अगदी वेळेवर आलीस," शैला म्हणाली. "उद्या विहिणी यायच्यात."

"कुणाचं लग्न आहे?"

ती हसली. सांगायला लागली तेव्हा मला वाटलं, ही माझी चेष्टाच करतेय. वसतिगृहाच्या पहिल्या वर्षी हंगाम संपल्यावर तिने पालकांची बैठक घेतली होती. सगळ्यांनी हात जोडून "लई चांगलं केलं" म्हटलं. आणि पुढच्या दिवाळीत त्यातल्या बऱ्याच जणांनी एक शब्द न बोलता मुलं उचलली आणि उसाला नेली. का, ते कुणीच सांगेना. तेव्हा गावातल्या गंगूमावशींनी शैलाला झाडलं. "अगं, उपकार करनाऱ्याला कोन नावं ठिवील? नावं ठिवायला मान लागतो. लग्नात बघ, वरमाय कशी बोलती तोंड भरून."

तेव्हापासून हा दिवस सुरू झाला. हंगाम संपून मंडळी परतली की संस्था पंगत घालते. त्या दिवशी गाव वरपक्ष आणि संस्था मुलीकडची. विहिणींना पाय धुवायला पाणी द्यायचं, हळदीकुंकू लावायचं, सतरंजीवर बसवायचं. मग त्यांनी उणीदुणी काढायची. संस्थेच्या माणसाने एकच शब्द बोलायचा, "ऐकलं." उलट उत्तर दिलं तर विहिणी न जेवता उठणार. आणि उठल्या तर मूल पाठवणार नाहीत.

"ही मुलीकडच्यांनी मान खाली घालायची रीत मला लग्नात कधी आवडली नाही," शैला म्हणाली. "पण इथं ज्यांनी जन्मभर मान खाली घातली, ते एक दिवस वरपक्ष होतात. मग म्हटलं, होऊ दे."

दुसऱ्या दिवशी सकाळपासून चुलीवर आमटी रटरटत होती आणि मोठ्या पातेल्यात लापशी होती. मीही कांदे चिरले. विहिणी आल्या त्या खरोखर विहिणीच्या तोऱ्यात. एकीने पाय धुवायचं पाणी गरम का नाही म्हणून विचारलं. गंगूमावशी मध्ये बसल्या, जाड काठी मांडीवर आडवी, आणि म्हणाल्या, "हं, व्हऊ द्या सुरू."

काय काय निघालं! पोरांच्या उवा काढल्या, पण औषध लावताना डोळ्यांत गेलं. शिकवणाऱ्या नव्या पोराचं लक्ष मोबाईलमध्ये असतं. संक्रांतीला तिळगूळ दिला तो दाताला चिकटणारा. दवाखान्याची गोष्टही आली, माझी जीपमधली शेंगावाली बाईच ती सांगत होती. शैला प्रत्येकीपुढे उभी राहून म्हणत होती, "ऐकलं." मी कोपऱ्यात बसून मजा बघत होते. नाकाने कांदे सोलणारी आमची शैला आज बरी सापडली, असं मनात म्हणतही होते.

मग मंदा उठली. तिशीच्या आतली, उन्हाने रापलेली, हातांवर उसाच्या पात्याचे ओरखडे. तिची पूजा सातवीत होती आणि वर्गात पहिली. आदल्या संध्याकाळी शैलाने मोठ्या कौतुकाने मला ती दाखवली होती.

"मी काय वंगाळ बोलनार न्हाई," मंदा म्हणाली. "तुमी लईच चांगलं केलं. गव्हाची चपाती दिली, अंडं दिलं, दूध दिलं. मी आले तवा पोरीला बाजरीची भाकरी करून वाढली. दोन घास खाल्लं आन् म्हनाली, आई, ही टोचती. मग म्हनली, मी सुट्टीत बी हॉस्टेलवरच ऱ्हाते."

पूजा स्वयंपाकघराच्या दाराला धरून उभी होती, तिचं तोंड लाल झालेलं.

"सहा महिनं मी तिच्यासाठीच कोयता चालिवला," मंदा म्हणाली. "आन् माझ्या हातची भाकरी तिला टोचती. तुमी माझी पोरगी शिकिवली, पन माझी न्हाई ठिवली. मी पुढच्या हंगामाला तिला संगं घिऊन जानार."

संगं म्हणजे काय, ते तिथे प्रत्येकीला ठाऊक होतं. शाळा बंद, कोपीत स्वयंपाक, धाकट्यांना सांभाळणं, आणि मग एखादं स्थळ. माझ्या तोंडाशी कितीतरी शब्द आले. बाई, अंडं आणि दूध हा काय गुन्हा आहे? पोषण म्हणजे काय, मुलीचं वय काय, सगळं मला तिला समजावून सांगायचं होतं. मी शैलाकडे बघितलं. ती एवढीशी झाली होती. तरी मंदापुढे उभी राहून म्हणाली, "ऐकलं."

मग मागून एक बाई हळूच म्हणाली, "आमचा बी तसंच करतो. बाजरी बघून नाक मुरडतो." तिसरी म्हणाली, "मला वाटलं, माझंच पोर माजलंय." आणि एकदम सगळ्या बोलायला लागल्या, शैलाशी नाही, एकमेकींशी. गव्हाचं कोण म्हणालं होतं? भाकरी का नको? गावात मागे राहणाऱ्या चुलत्या-मावश्यांनी आळीपाळीने येऊन थापाव्यात की. दूध-अंडं राहू द्या. आणि उसावरून आई परतली की सुट्टीत मुलं तिच्याजवळच झोपली पाहिजेत, हॉलला कुलूप लावा. गंगूमावशींनी काठी आपटून सगळं ठरवून टाकलं, शैलाला न विचारता.

"आन् तुझं काय, मंदे?" त्यांनी विचारलं.

"दिवाळीला सांगन," मंदा म्हणाली. आणि पुढे म्हणाली, "पंगतीला मातर बसते."

पंगतीला बसली म्हणजे वाट बंद झाली नाही, हे शेजारच्या बाईने मला कानात सांगितलं. शैलाने स्वतः थापलेली भाकरी तिच्या ताटात वाढली. मंदाने तुकडा मोडला, आमटीत बुडवला, चावला आणि म्हणाली, "जाड झालीय." सगळ्या हसल्या. शैलाने पदराने डोळे पुसले आणि म्हणाली, "ऐकलं." मंदाने पूजाला हाक मारून जवळ बसवलं आणि अर्धी भाकरी तिच्यापुढे सरकवली. पोरगी खाली मान घालून खात होती. टोचत होती की नाही, ते काही तिच्या तोंडावरून कळलं नाही.

मुलीकडचे सगळ्यात शेवटी जेवतात. आम्ही दोघी रिकाम्या हॉलमध्ये बसलो तेव्हा मी शैलाला म्हटलं, "तुला राग नाही आला? एवढं करून हे ऐकायचं?"

"आला ना. दर वर्षी येतो," ती म्हणाली. "पण त्या पहिल्या वर्षी कुणी काही बोललं नाही, तेव्हा मी काम चांगलं चाललंय असंच समजत होते. आता निदान कळतं तरी."

मी लापशी खात होते आणि आतून जळत होते. येताना मला तिच्या नावाचा हेवा वाटत होता, मग त्या कडीचा आणि साबणाचा वाटला. आता वाटत होता तो त्या भांडणाचा. मंदा तिच्याशी भांडली, आपल्या जावेशी, नणंदेशी भांडावं तशी. जीपवाल्यानेही मला नाव ऐकताच तिच्या कालवणातलं तिखट काढून दाखवलं, कारण ते त्याचंही वसतिगृह होतं. लांबून रस्ता विचारत येणाऱ्याला माझ्याबद्दल कुणी असं काही सांगेल का? नाही सांगणार. हा हेवा कॉलेजातल्या हेव्यासारखा नव्हता. तो कितीतरी वाईट होता, कारण ह्यात शैलाची काहीच चूक काढता येत नव्हती.

परतीची एसटी कुठे बंद पडली नाही. रस्ताभर मी ठरवत आले की आपणही हे करायचं, आणि उद्याच करायचं. पंगत-बिंगत नंतर. आधी नुसतं विचारायचं. रात्री अकोल्याला पोचले आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या जीपनेच आमच्या पहिल्या बालवाडीच्या वाडीत गेले. चार घरं हिंडले. "आमचं काय चुकतं ते सांगा," म्हटलं. सगळीकडे हात जोडले गेले. "समदं चांगलं हाय, ताई." एका आजोबांनी तर मला बसायला खुर्ची आणली आणि स्वतः उभे राहिले.

शेवटचं घर हिराबाईचं. तिचा गणू आमच्या बालवाडीत येतो. ती भात पाखडत होती. मी तिच्यासमोर जमिनीवरच बसले आणि तेच विचारलं. तिने सूप खाली ठेवलं.

"खरं सांगू का, ताई? रागावनार न्हाई ना?"

"अगं छे! बोल की." मी आनंदाने आणखी पुढे सरकले.

"आमचा गणू बालवाडीतनं घरी आला ना, की त्यो—"

"गणूकडं मी स्वतः लक्ष देते, हिराबाई," मी म्हणाले. "आला तेव्हा त्याला धड बोलता येत नव्हतं. आता गाणी म्हणतो. त्याच्यासाठी मुद्दाम बाईंना सांगून ठेवलंय मी, त्याला पुढं बसवा म्हणून. इतर वाड्यांवर असं कोण करतं?"

मी आणखीही बरंच बोलले. थांबले तेव्हा हिराबाई हसत होती, पाहुण्यांकडे बघून हसतात तसं. तिने सूप परत हातात घेतलं होतं.

"व्हय ताई, तुमचं लई उपकार हायेत," ती म्हणाली. "बसा, चहा टाकते."

मी चहा घेतला. चांगला झाला होता, तसं म्हणालेही. गणू घरी आल्यावर काय करतो, ते मला अजून माहीत नाही.