हिरव्या थरातलं साल

"काठाला धर! काठाला!" असं ओरडत सर समोरच्याच्या मनगटावर चापट मारायचे. ही शिकवण जुन्या नाण्यांपुरती नसायची. सिटी बसच्या कंडक्टरनं सुटे पैसे मुठीतून काढून हातात कोंबले तरी ते भडकायचे. कंडक्टर म्हणायचा, "काका, आठ आना छे, सोनुं नथी." सर म्हणायचे, "हजार वर्षांनी कुणीतरी ते वाचणार आहे, गाढवा. त्याला तुझा घाम कशाला वाचायला लावतोस?" सगळी बस हसायची. मीही हसायचो.

तुम्हीही असा माणूस कुठेतरी पाहिला असेल. त्याच्या रागाची लोक नक्कल करतात, आणि तो मात्र खरंच रागावलेला असतो. मी सरांची नक्कल फार छान करायचो. आज करवत नाही. हे लिहितानाही मी चिडलेलाच आहे. कुणावर, ते पुढं येईल.

नव्वदीची सुरुवात होती. गुजराती मुलखात, उधन्याला आमचं लहानसं रो-हाउस होतं. वडील गेल्यावर घरात आई आणि मी. मागची खोली आम्ही सरांना भाड्यानं दिली होती. ते लिंबायतच्या मराठी शाळेत इतिहास शिकवायचे. आमच्यासारखेच खानदेशातले, बायको गेलेली, मूलबाळ नाही. मी पांडेसऱ्याला कापड रंगवायच्या कारखान्यात केमिस्ट होतो, बी.एस्सी. झालेला, आणि त्याची घमेंड असलेला. सर मला नावानं कधीच हाक मारायचे नाहीत. "काय केमिस्ट," म्हणायचे, म्हणजे शिवी की कौतुक ते कळायचं नाही.

त्यांच्याकडे पाचच नाणी होती. चार तांब्याची, कॉन्स्टँटिनोपलच्या बायझंटाइन सम्राटांची, आणि एक चांदीची पातळ पेनी, इंग्लंडातल्या अँग्लो-सॅक्सन राजांच्या काळातली. ती एका जुन्या विद्यार्थ्याच्या लेस्टरला राहणाऱ्या काकानं आणून दिली होती. माशाच्या खवल्याएवढी हलकी. तिच्या एका बाजूला राजाचं नाव होतं आणि दुसऱ्या बाजूला ते नाणं पाडणाऱ्या कारागिराचं, गावासकट. सर पेनी वर्गात न्यायचे. लूमवर काम करणाऱ्यांची पोरं ती. सर विचारायचे, "तुझा बाप दिवसाला किती साड्यांचं कापड विणतो? त्यातल्या एका तरी काठावर त्याचं नाव आहे?" पोरं म्हणायची, "शेठचा शिक्का असतो, सर." "मग? हजार वर्षांपूर्वीच्या त्या अडाण्यांना कळलं ते तुझ्या शेठला कळत नाही!" एका पालकानं मुख्याध्यापकांकडे तक्रार केली की सर मुलांना संपाला उठवतात. सरांनी त्यालाही पेनी दाखवली. काठाला धरायला लावून.

सगळ्यात शेवटी हाती आलेलं नाणं तांब्याचं, जाड, जुन्या रुपयापेक्षा मोठं. रांदेरच्या कुठल्याशा जुन्या घरातून तांब्याचा ढीग भंगारात आला होता, त्यात ते सरांना दिसलं. भंगारवाला म्हणाला, "मास्तर, आ तो भंगार छे, शुं करशो एनुं?" सरांनी आपली सायकल त्याच्या दुकानाला टेकवून ठेवली आणि नाणं घेऊन चालत घरी आले. त्या दिवसापासून उधना ते लिंबायत ते पायी जायचे. कुणी सायकलचं विचारलं की म्हणायचे, "विकली नाही. बदलली."

नाण्याच्या पाठीवर मोठा एम होता. डाव्या बाजूला 'वर्ष' हा लॅटिन शब्द आणि उजवीकडे आकडा, म्हणजे सम्राटाच्या राज्याचं कितवं वर्ष ते. पण आकड्यावर हिरवा थर बसला होता. वरची एक फुली, म्हणजे रोमन दहा, तेवढी दिसत होती, तिच्याखाली काय ते दिसत नव्हतं. तो आकडा हाच सरांचा ध्यास होता. चौदाशे वर्षांपूर्वी कुणीतरी मुद्दाम साल लिहून ठेवलं आणि ते आपल्याला वाचता येऊ नये, याचा त्यांना अपमान वाटायचा.

थर काढायचा त्यांचा मार्ग एकच. डिस्टिल्ड वॉटरमध्ये नाणं ठेवायचं, दोन दिवसांनी पाणी बदलायचं, आणि वाट पाहायची. महिने, वर्षसुद्धा. पाणी मी लॅबमधून आणून द्यायचो. एकदा म्हणालो, "सर, माझ्याकडे द्या. दहा मिनिटांचं काम आहे."

"केमिस्ट," सर म्हणाले, "तू कापडाचा रंग उडवतोस ना? तेवढंच कर."

हे मला लागलं. आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

त्या उन्हाळ्यात सरांची आई गावी आजारी पडली. महिनाभर जावं लागणार होतं. नाण्याची काचेची वाटी ते आमच्याकडे ठेवून गेले, माझ्याकडे नाही, आईकडे. "माई, एक दिवसाआड पाणी बदला. बोट लावू नका, चिमट्यानं धरा." आईनं ते व्रतासारखं केलं. सकाळी आंघोळ झाली की आधी देव, मग वाटी. मी चेष्टा केली तर म्हणाली, "त्यासनी मन्हावर टाकं से." तिचं बोलणं अहिराणीच असायचं. त्यांनी माझ्यावर सोपवलंय, एवढंच तिला म्हणायचं होतं.

सर यायच्या दोन दिवस आधी मी वाटीतलं नाणं रुमालात बांधून लॅबमध्ये नेलं. हेतू काय होता? सरांना खूश करायचं होतं, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं. ते खोटं आहे. मला त्यांना गप्प करायचं होतं. आकडा कागदावर लिहून त्यांच्यासमोर ठेवायचा होता. मी विरळ ॲसिड घेतलं आणि नाणं त्यात सोडलं. बुडबुडे आले. दहा मिनिटं कसली, चारच मिनिटांत थर गेला. खाली गुलाबी, कोवळं, कोरं तांबं. आकडा नव्हता. एमचा एक पायही गेला होता. धातू केव्हाच झिजला होता. अक्षरं उरली होती ती त्या हिरव्या थरातच. शाळेतल्या पोरानंही विचारलं असतं की हा थर कशाचा बनलाय. बी.एस्सी. झालेल्याला ते सुचलं नाही.

सर आले, वाटीत मी परत ठेवलेलं नाणं पाहिलं आणि खालीच बसले. मग विचारलं, "हे कुणी केलं?"

मी म्हणालो, "आईनं चिंच लावली असेल. देव घासते ना, त्यांच्यासोबत."

माझ्या तोंडून ते इतकं सहज निघालं की मलाच आश्चर्य वाटलं. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं. एकदाच. मग सरांना म्हणाली, "मीच घासं भाऊ. चिंच लायी व्हती. माले वाटनं, चकचकीत व्हई."

सर बोलले ते सगळं मी लिहीत नाही. अडाणी म्हणाले, हात झडोत म्हणाले. शेजारच्या दोन बायका कुंपणाशी येऊन ऐकत होत्या. मी तिथंच उभा होतो, आईपासून चार हातांवर. माझं वय तेव्हा सत्तावीस होतं; लहान होतो असंही म्हणायची सोय नाही.

महिन्याच्या आत सरांनी खोली सोडली. आईनं त्यांना दोष दिला नाही. पण गणपती मंडळाची समई, तांब्या, ताम्हण घासायला दरवर्षी तिच्याकडे यायचं, ते तिनं परत पाठवलं. "मन्हा हातमा नका देऊ," म्हणायची. शेजारणीनं नात मांडीवर द्यायला आणली तेव्हाही तेच म्हणाली. हसून म्हणाली, म्हणून लोकांना ती गंमत वाटली. मला सरांचा संताप आला. तांब्याच्या एका तुकड्यासाठी माझ्या आईचे हात काढून नेले या माणसानं! हा राग मी दोन वर्षं जिवापाड सांभाळला. तो होता तोवर दुसऱ्या कुठं बघायची गरज नव्हती.

दोन वर्षांनी कळलं की सर निवृत्त होऊन गावी चाललेत. मी उधना स्टेशनवर गेलो. नंदुरबारची गाडी यायची होती. सर पत्र्याच्या पेटीवर बसले होते. मी म्हणालो, "सर, चिंच नव्हती. मी केलं होतं."

"माहीत आहे," ते म्हणाले. "चिंचेनं तांबं उजळतं. खोल खाचेतला थर चिंचेला निघत नाही. त्याला तुझी बाटली लागते."

"केव्हा कळलं?"

"वाटी पाहिली तेव्हाच."

मी ओरडलो. फलाटावरची माणसं वळून पाहायला लागली. "मग तिला का बोललात? का बोललात तिला?"

"तू उभा होतास ना तिथं. एकेक शब्द तुझ्याकडे बघून टाकत होतो. म्हटलं, आता तोंड उघडेल. आता उघडेल."

"मला मारायला माझ्या आईची छडी केलीत?"

"केली," सर म्हणाले. त्यांचा आवाज पहिल्यांदाच चढला नाही. "तू ढाल केलीस."

मी म्हणालो, आत्ता घरी चला, तिची माफी मागा. त्यांनी मान हलवली. "आधी तू सांग. तू न सांगता मी आलो तर ती पुन्हा म्हणेल, मीच घासलं. तुला वाचवायला ती माझ्यापुढं मरेपर्यंत खोटं बोलेल. तू सांग, आणि मला कळव. मी येतो. पाया पडतो."

गाडी आली. मी पेटी चढवायला हात पुढं केला, तो त्यांनी बाजूला सारला.

मग पोस्टकार्डं यायला लागली. दोन-तीन महिन्यांनी एक. वर पत्ता, आणि खाली एकच शब्द: 'सांगितलंस?' आईला वाचता येत नव्हतं. ती विचारायची, "सरसनं पत्र? काय म्हंतस?"

मी म्हणायचो, "बरे आहेत. तुला नमस्कार सांगितलाय."

तिचा चेहरा असा खुलायचा की पुढचं पोस्टकार्ड आल्यावर मी नमस्काराला आणखी एक वाक्य जोडायचो. तुमच्या हातच्या कळण्याच्या भाकरीची आठवण येते म्हणतात. येऊन जाईन म्हणतात. असं चार वर्षं चाललं. सरांनी कधी दुसरा शब्द लिहिला नाही. मी कधी उत्तर दिलं नाही.

एका पावसाळ्यानंतर कार्ड आलं नाही. दिवाळीलाही आलं नाही. त्यांच्या शाळेतला एक शिक्षक बाजारात भेटला, म्हणाला, सर श्रावणातच गेले. मी घरी येऊन आईला सांगितलं. ती उठली, न्हाणीत गेली आणि डोक्यावरून आंघोळ केली, सख्ख्या भावाची बातमी आल्यासारखी. ओल्या केसांनी बाहेर येऊन माझ्यासमोर बसली. बराच वेळ माझ्याकडे पाहत होती.

"त्यासना मन्हावरना राग गया व्हता ना रे?" तिनं विचारलं.

घरात आम्ही दोघंच होतो. तिला सगळं माहीत होतं, आणि तिला घाई नव्हती.

मी म्हणालो, "हो. केव्हाच."