कॅबिनेटच्या मागची जागा

नव्या खोक्यातल्या थर्मोकोलचा वास नाकात गेला की शिरूरच्या कॉम्प्युटरच्या दुकानातली ती दुपार आठवते. आमच्या कामगार गटाला पत्रकं काढायला कॉम्प्युटर जोडायचा होता, आणि सगळे भाग आत बसवायची पेटी म्हणून मी आत दिवे लुकलुकणारं काचेचं कॅबिनेट पसंत करून बसलो होतो. सोबत गटातली एक ताई होती. रांजणगावच्या कारखान्यात इलेक्ट्रिक पॅनलच्या वायरी बांधायची, शिफ्ट संपवून थेट आलेली, उभं राहून पाय सुजलेले. तिने माझं कॅबिनेट फिरवलं, मागचा पत्रा काढला आणि फटीत बोट घालून पाहिलं. "न्हाई चालायचं. बोट जात न्हाई, तिथं वायरींचा जुडगा कुठं बसंल?" मी म्हणालो, "ताई, मागं कोण बघतंय?" "दुरुस्त करणारा बघतो की! आन् वायर पंख्यात गेली तर तुझं पत्रक कोण काढणार, कंपनीचा मालक?" तिने कोपऱ्यातलं साधं काळं कॅबिनेट निवडलं. मागे दोन बोटं जागा होती, वायरी बांधायला जागोजागी हूक होते. दुकानदाराने अदबीने विचारलं, "मॅडम, तुम्ही इंजिनिअर हाय का?" "हेल्पर," ती म्हणाली. "दहा वर्षं झाली, गेटपासवर तेच छापत्यात." मला कंपनीचा संताप आला, मग स्वतःचा; कामगारांच्या कौशल्यावर पत्रकं लिहिणारा मी, तिला फक्त सोबत म्हणून नेलं होतं. आज धूळ झटकायला तो पत्रा उघडला. तिने बांधलेली एकही वायर सुटलेली नाही. तिला कुशल कामगाराचा दर्जा मागणारं पत्रकही याच मशीनमध्ये आहे. दर वर्षी मी त्याची फक्त तारीख बदलतो.